वहीची दुसरी बाजू

आजचं वाचन : फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय ४, वचनं १ ते २०



आज एक साक्ष सांगायची आहे, आणि ती सांगताना मला थोडी लाजही वाटते आहे. पण ज्या वचनाने मला धरलं, ते तुमच्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ असेल. म्हणून सांगतेच.

वचन आहे फिलिप्पैकरांस पत्र ४:८. जे जे खरं, मान देण्याजोगं, न्यायाचं, निर्मळ, मनाला भावणारं, ज्याच्याबद्दल चांगलं बोललं जातं, त्याच्यावर मन लावा, असं पौल तिथे सांगतो. हे वचन दोन वर्षं माझ्या फोनच्या वॉलपेपरवर होतं. मागे डोंगर, वर निळं आकाश आणि मधोमध हे वचन. फोन हातात घेतला की आधी ते दिसायचं. आणि त्याच फोनवरून, गेल्या नाताळच्या आठवडाभर आधी, मी मंडळीच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला.

वॉलपेपरखालचा मेसेज

झालं असं. आमच्या मंडळीत एक ताई आहेत. वयाने माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या. नाताळच्या कार्यक्रमाची आखणी त्याच करतात. आम्ही तरुण मुलामुलींनी एक गीत बसवलं होतं. महिनाभर ऑफिस सुटल्यावर सरावाला धावत जायचो. कार्यक्रम लांबतोय म्हणून ताईंनी ते गीत काढून टाकलं, आणि तेही आम्हांला न विचारता. आम्हांला कळलं ते ग्रुपवर कार्यक्रमाची यादी आली तेव्हा.

मी लिहिलं, "पुढच्या वर्षीपासून सगळं ताईंनाच करू द्या. आम्ही फक्त टाळ्या वाजवायला येऊ."

पाच मिनिटांत हसणाऱ्या इमोजींची रांग लागली. ताईंचं उत्तर आलं दोन शब्दांचं, "ठीक आहे." खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. जिंकल्यासारखं वाटलं.

त्यानंतर सहा महिने आम्ही बोललो नाही. रविवारी दारात समोरासमोर आलोच तर "सलाम" व्हायचा, पण नजर चपलांच्या रॅककडे. त्या डावीकडच्या बाकावर बसल्या की मी उजवीकडे. प्रभुभोजनाच्या रविवारीसुद्धा. आणि या सहा महिन्यांत माझं बायबलवाचन चालू होतं, प्रार्थना चालू होती, उपासनेत माइक हातात घेऊन गाणंही चालू होतं. याकोब विचारतो ना, की एकाच झऱ्यातून गोडं आणि खारं पाणी येतं का? माझ्या तोंडातून येत होतं, आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

आठव्या वचनाच्या आधी दुसरं वचन

मग जूनमधली एक सकाळ. लोकलमध्ये नशिबाने खिडकी मिळाली होती. फोनवर फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय उघडला. खरं तर मी नेहमी थेट आठव्या वचनावर उडी मारायचे. त्या दिवशी पहिल्यापासून वाचलं आणि दुसऱ्या वचनावर अडकले.

तिथे दोन बायकांची नावं आहेत. युवदीया आणि सुंतुखे. दोघींचं पटत नव्हतं. पौल दोघींना विनंती करतो की प्रभूमध्ये एकमनाच्या व्हा.

थोडं मागे जाऊ या. फिलिप्पै हे मासेदोनियातलं शहर. तिथली मंडळी कशी सुरू झाली ते प्रेषितांची कृत्ये अध्याय १६ मध्ये आहे. शब्बाथाच्या दिवशी नदीकाठी काही स्त्रिया प्रार्थनेला जमल्या होत्या. त्यांच्यात थुवतीरा गावची लुदिया होती, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी. प्रभूने तिचं मन उघडलं आणि पुढे तिचं घर हेच विश्वासणाऱ्यांच्या भेटीचं ठिकाण झालं. म्हणजे या मंडळीचा पायाच प्रार्थना करणाऱ्या बायकांनी घातला. अशा मंडळीत दोन स्त्रियांचं फाटलं, आणि ते इतकं वाढलं की दूर कैदेत असलेल्या पौलाच्या कानांवर गेलं.

आता कल्पना करा. पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जातंय. युवदीया एका कोपऱ्यात, सुंतुखे दुसऱ्या. आणि अचानक त्यांची नावं येतात. सगळ्या माना वळल्या असतील. आमच्या ग्रुपवर माझं आणि ताईंचं नाव घेऊन पाळकसाहेबांनी मेसेज टाकला असता तर? लोकलमध्ये बसल्या बसल्या माझे कान गरम झाले.

पण पौल कसा बोलतो ते पाहा. भांडणाचं कारण तो लिहीतच नाही. चूक कोणाची, आधी सुरुवात कोणी केली, एक शब्द नाही. तो विनंती करतो, आणि तीही दोघींना वेगवेगळी, जणू प्रत्येकीच्या समोर जाऊन उभा राहिला आहे. मग एका सोबत्याला सांगतो की या दोघींना मदत कर. आणि लगेच सगळ्यांना आठवण देतो की या दोघींनी सुवार्तेसाठी माझ्या खांद्याला खांदा लावून श्रम केले आहेत, यांची नावं जीवनाच्या पुस्तकात आहेत.

भांडण मिटवायच्या आधीच तो त्यांचं चांगलं मोठ्याने बोलून टाकतो, तेही सगळ्यांच्या देखत. मी सगळ्यांच्या देखत काय बोलले होते?

आणि याच परिच्छेदाच्या पुढे, पाचच वचनांनी, माझ्या वॉलपेपरचं वचन येतं. इतकी वर्षं मी ते डोंगर-आकाशासाठी लिहिलंय असं समजून वाचत होते. सकारात्मक विचार करा, मूड चांगला ठेवा, असं काहीतरी. पण ते आलंय एका भांडणाच्या पाठोपाठ. त्या दोघी ते ऐकत बसल्या होत्या. त्यांच्यासाठी त्याचा अर्थ अगदी सरळ होता. तुझं जिच्याशी पटत नाही, तिच्यातलं खरं, निर्मळ, वाखाणण्यासारखं काय आहे, त्यावर मन लाव.

मनन म्हणजे हिशेब

आपल्या मराठी शास्त्रात तिथे "मनन" असा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्दाला हिशेबाचाही वास आहे. मोजणं, हिशेबात धरणं, एखाद्याच्या खात्यावर मांडणं. मी अकाउंट्समध्ये काम करते, त्यामुळे हे कळल्यावर मी जरा सरसावून बसले.

आणि हाच शब्द पौलाने आणखी एका प्रसिद्ध ठिकाणी वापरला आहे, १ करिंथकरांस १३:५ मध्ये. प्रीती काय करत नाही, याची यादी देताना तो सांगतो की झालेलं वाईट ती खात्यावर मांडून ठेवत नाही. दोन्ही वचनं शेजारी ठेवा. एकीकडे वाईट मांडू नका, दुसरीकडे चांगलं मांडा. क्रियापद तेच.

म्हणजे मन वही लिहिणारच. प्रश्न एवढाच की मी कोणत्या बाजूला लिहिते आहे.

माझी ताईंच्या नावाची वही अगदी नीट होती. गीत काढलं, मांडा. माझा उच्चार चारचौघांत सुधारला, मांडा. सरावाला उशिरा आल्या आणि आल्या आल्या सूचना सुरू, मांडा. एकदा त्यांनी सगळ्यांसाठी रव्याचे लाडू आणले, तर मी मनात म्हटलं, "दाखवायला." तेही मांडलं, आणि तेसुद्धा नावे! तुमच्याही बाबतीत असं होतं का? एकदा एखाद्या माणसाचं खातं वाईट ठरवलं की त्याचं चांगलंही आपण वाईटाच्या रकान्यात लिहायला लागतो.

ऑफिसात कुणी मला फक्त एका बाजूच्या नोंदी आणून दिल्या तर मी ती फाइल परत पाठवते. जमेची बाजू कुठे आहे, विचारते. ताळमेळ बसल्याशिवाय सही करत नाही. आणि माणसांच्या बाबतीत मात्र एका बाजूवर सही करून मोकळी होते.

म्हणून मला वाटतं, पौलाच्या यादीत पहिला शब्द "खरं" हा आहे, याला महत्त्व आहे. कुणाच्या चुकीला गोड रंग लावा असं तो सांगत नाही. ताईंनी आम्हांला विचारायला हवं होतं, हे खरंच आहे. पण तेवढंच खरं नव्हतं. अर्धा हिशेब कितीही बरोबर असला तरी तो खोटा असतो.

(इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. तुमच्यापैकी कुणाला घरात मारहाण होत असेल, कुणी छळत असेल, ऑफिसात कुणी अंगचटीला येत असेल, तर "चांगलं तेवढंच बघ" हा या वचनाचा अर्थ नाही. यादीत "खरं" आहे आणि "न्यायाचं"ही आहे. अशा वेळी विश्वासातल्या माणसाला सांगणं, मदत मागणं हेच खरं वागणं आहे. गप्प राहू नका.)

कुजकं बोलणं

विचारांची वही एका बाजूने भरत गेली की ती तोंडावाटे सांडते. माझी सांडली ती ग्रुपवर.

इफिसकरांस पत्र ४:२९ मध्ये पौल बोलण्याबद्दल सांगतो. तिथे "वाईट" बोलण्यासाठी जो ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ सडलेलं, कुजलेलं. प्रभू येशूने जाळ्याचा दाखला सांगितला, त्यात कोळी चांगले मासे भांड्यांत ठेवतात आणि टाकाऊ मासे फेकून देतात. त्या टाकाऊ माशांसाठी हाच शब्द आहे. आणि आपल्या मराठीत बघा, टोमणे मारणाऱ्याला आपण काय म्हणतो? "कुजकं बोलतो." किती बरोबर! ज्याने हा शब्दप्रयोग पहिल्यांदा केला, त्याला मासळीबाजार ठाऊक असणार.

कुजकं बोलणं हे शिवीपेक्षा वेगळं असतं. शिवी दिली तर निदान माफी मागायला लागते. कुजकं वाक्य हसत हसत जातं. कुणी विचारलं तर "अगं, गंमत केली" म्हणायची सोय असते. माझ्या मेसेजमध्ये एकही वाईट शब्द नव्हता. तपासायला दिला असता तर कुणाला काही सापडलं नसतं. पण वास सगळ्यांना आला होता.

पौल नुसतं "बोलू नका" म्हणून थांबत नाही. त्या जागी काय बोलायचं तेही सांगतो. समोरच्याला उभं करेल असं, त्या घडीला गरजेचं असेल असं, आणि ऐकणाऱ्याला कृपा पोहोचेल असं. शेवटची गोष्ट मला फार हलवून गेली. कृपा देवाची, पण ती पोहोचवायला तो आपली जीभ वापरतो. माझ्या एका वाक्यातून एखाद्यापर्यंत देवाची कृपा जाऊ शकते. किंवा वास.

"आपल्याच माणसांचे कसले आभार?"

त्या संध्याकाळी घरी आले. जेवताना आईला सांगितलं, आज असं असं वाचलं. आईने आमटी वाढता वाढता विचारलं, "माझ्या ऑपरेशनच्या वेळी तिचे आभार मानले होतेस का ग तू?"

मी गप्पच झाले.

दोन वर्षांपूर्वी आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. पप्पा प्रभूकडे जाऊन बरीच वर्षं झाली आणि घरात आम्ही दोघीच. नेमकं वर्षअखेरीचं काम चालू होतं, मला एकाच दिवसाची रजा मिळाली. पुढचे तीन दिवस आईजवळ बसल्या त्या ताई. घरून मऊ भात आणि वरण आणायच्या. आईचे केस विंचरून द्यायच्या. रात्री मी ऑफिसातून थेट पोचले की मला म्हणायच्या, "आधी जेव, मग बोलू."

घरी आल्यावर मी ग्रुपवर लिहिलं होतं, "प्रार्थनेबद्दल सर्वांचे मनापासून आभार," आणि पुढे हात जोडलेला इमोजी. झालं. ताईंना वेगळं काहीच नाही.

मी आईला म्हटलं, "अगं, आपल्याच माणसांचे कसले आभार मानायचे? परकं वाटतं ते."

आई म्हणाली, "आपली मानलीस ना? मग आता बोलत का नाहीस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आपल्या मराठी घरांत हे खूप आहे. दुकानदाराला थँक्यू म्हणू, कॅबवाल्याला म्हणू, पण आईने रोज डबा दिला तर "झाकण नीट लावलंय ना?" एवढंच विचारू. आभार मानले तर नातं पातळ होतं असं आपल्याला वाटतं. त्यात प्रेम आहे हे मला मान्य आहे. पण त्याच्या आडोशाला आपला आळसही लपतो आणि थोडा अहंकारही.

गोव्याकडच्या विश्वासणाऱ्यांची पद्धत मला फार आवडते. ते कोकणीत आभार मानताना "देव बरें करूं" म्हणतात. देव तुझं भलं करो. तिथे आभार म्हणजेच आशीर्वाद आहे, छोटी प्रार्थनाच. असं म्हटल्याने कोण परकं होईल?

पौलही हेच करतो. याच पत्राच्या सुरुवातीला तो लिहितो की तुमची आठवण आली की मी देवाचे आभार मानतो. आभार देवाचे, पण पत्र फिलिप्पैकरांना! त्याने मनातल्या मनात देवाला सांगून विषय संपवला नाही. त्यांनाही कळवलं. आणि चौथ्या अध्यायाच्या शेवटी, भांडण आणि मनन यांच्यानंतर, काय आहे ठाऊक आहे? आभाराचं पत्र. फिलिप्पैकरांनी एपफ्रदीताच्या हाती पौलाला मदत पाठवली होती. त्या सेवेत एपफ्रदीत आजारी पडून मरणाच्या दारात जाऊन आला. पौल त्याची नोंद घेतो. तुम्ही मला थेस्सलनीकात असतानाही एकदोनदा मदत पाठवली होती, हेसुद्धा त्याला आठवतं. जुनी नोंद आहे, पण त्याच्या वहीत ती जमेच्या बाजूला आहे.

म्हणजे एकाच अध्यायात आधी तुटलेलं नातं, मग विचार, मग आभार. वचन आपण एकटंच कापून वॉलपेपरवर लावतो, तेव्हा त्याचे शेजारी हरवतात.

आपली स्वतःची वही

आता खरी गोष्ट. हे सगळं समजलं तरी मला फोन करवेना. दोन दिवस गेले. "चूक त्यांचीही होती" हे वाक्य डोक्यातून जाईना.

तिसऱ्या दिवशी कलस्सैकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाचत होते. चौदाव्या वचनात पौल एका कर्जखताबद्दल बोलतो. आपल्याविरुद्ध लिहिलेला दस्तऐवज, आपल्या सगळ्या देण्याची यादी. देवाने ती पुसली आणि वधस्तंभाला खिळून टाकली.

मी त्या वचनावर बराच वेळ थांबले. देवाकडे माझी वही होती. त्यात काय काय असेल ते मला ठाऊक आहे, तुम्हांला तुमचं ठाऊक आहे. स्तोत्र १३० चा कर्ता विचारतो की परमेश्वरा, तू अधर्माची नोंद ठेवशील तर कोण टिकेल? मी टिकले नसते. आणि ती वही ख्रिस्ताने स्वतःच्या रक्ताने मिटवली. माझ्या नावावरचं सगळं त्याने स्वतःच्या नावावर घेतलं. पौलानेही फिलेमोनाला लिहिताना हीच भाषा वापरली आहे. पळून गेलेल्या अनेसिमाचं तुझं काही देणं असेल तर ते माझ्या खात्यावर मांड, असं तो म्हणतो. येशूकडूनच शिकला असणार.

मग ज्या देवाने माझी वही मिटवली, त्याच्या घरात बसून मी दुसऱ्याची वही कशी जपून ठेवू? तेही सहा महिने? तेही प्रभुभोजनाला हात पुढे करून?

प्रियांनो, आपण चांगले विचार करतो, चांगलं बोलतो, आभार मानतो, ते देवाला खूश करून घ्यायला नाही. तो हिशेब वधस्तंभावर संपला आहे. आपण हे करतो कारण आता आपल्या हाताला कोणाची उधारी लिहायचं काम उरलेलं नाही.

मग मी काय केलं

आधी एक लांबलचक मेसेज लिहिला. "ताई, सॉरी, पण त्या दिवशी आम्हांलाही वाईट वाटलं होतं, कारण..." वाचला, आणि दिसलं की माझी माफी "पण"च्या पुढे जास्त लांब होती. पुसून टाकला.

मग ग्रुपवर लिहिलं. कारण अपमान तिथे केला होता, माफी कोपऱ्यात मागून चालणार नव्हतं. "डिसेंबरमध्ये मी ताईंबद्दल इथे जे लिहिलं ते कुजकं होतं. ताई, मला माफ करा." एवढंच. पाठवताना हात थरथरत होता.

आणि मग फोन लावला. म्हटलं, "ताई, आईच्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही तीन दिवस मऊ भात आणलात. तिचे केस विंचरलेत. मला जेवायला बसवलंत. मी तुमचे आभार कधी मानलेच नाहीत. आज मानते."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "त्या मेसेजच्या रात्री मी रडले होते ग. आता सांगते." आणि थोड्या वेळाने, "मीही विचारायला हवं होतं तुम्हांला." मग कुकरची शिट्टी झाली आणि त्या म्हणाल्या, "थांब, नंतर बोलते."

सिनेमातल्यासारखं काही झालं नाही. पण पुढच्या रविवारी त्या माझ्या बाकावर येऊन बसल्या. उपासना संपल्यावर म्हणाल्या, "गाताना 'ख्रिस्त' नीट म्हण. तुझा 'क्रिस्त' ऐकू येतो." जुनी मी असते तर ते नावे मांडलं असतं. या वेळी हसू आलं. सहा महिने मला कुणी सुधारलं नव्हतं, कारण कुणी इतक्या जवळ बसलंच नव्हतं. मी ते जमेला लिहिलं.

आज एवढं करू या

विचारांसाठी : ज्या माणसाचं नाव घेतलं की तुमच्या कपाळावर आठी येते, त्याच्या नावाचं एक पान काढा. मधोमध रेघ मारा. एक बाजू तुमची आधीच भरलेली असेल, ती लिहायला वेळ घालवू नका. दुसऱ्या बाजूला तीन खऱ्या गोष्टी लिहा. खऱ्या हं, ओढूनताणून नाही. सुचेपर्यंत प्रार्थनेत बसा.

बोलण्यासाठी : ग्रुपवर काही टाकण्याआधी, विशेषतः हसू येईल असं काही, अंगठा क्षणभर थांबवा. याला वास येतोय का? यातून कुणी उभं राहील की खाली बसेल? हे आत्ता बोलण्याची गरज आहे का? उत्तर पटलं तरच पाठवा.

आभारासाठी : नाव घेऊन आणि काम सांगून आभार माना. "सर्वांचे आभार" हे आभार टाळण्याचं सगळ्यांत सोपं साधन आहे, मी वापरून पाहिलंय. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय वाचा. आपण तो नावांची यादी म्हणून ओलांडून जातो. पौल तिथे वीसहून जास्त माणसांची नावं घेतो आणि कित्येकांनी काय केलं तेही सांगतो. फिबीने पुष्कळांना मदत केली, मलाही. प्रिस्का आणि अक्विला यांनी माझ्यासाठी जीव धोक्यात घातला. आणि रूफाची आई, ती मलाही आईसारखीच होती. बघा, त्या माउलीचं नावही तिथे नाही, पण तिने जे केलं ते दोन हजार वर्षं वाचलं जातंय.

तुमची रूफाची आई कोण आहे? घर सोडून या शहरात आलात तेव्हा पहिल्या महिन्यात कुणी डबा दिला? मुलाखतीच्या आदल्या रात्री कुणी प्रार्थना केली? कामाच्या मावशींचं पूर्ण नाव ठाऊक आहे का तुम्हांला? आज एकाला फोन करा. मेसेज नको, फोन. आणि तुम्ही काय केलंत ते मला आठवतंय, एवढं त्यांना कळू द्या.

माझ्या फोनच्या वॉलपेपरवर अजून तेच वचन आहे. मागचे डोंगर मात्र काढले. तिथे आता आमच्या मंडळीचा नाताळचा फोटो आहे. ताई दुसऱ्या रांगेत आहेत, जरा वाकड्या तोंडाने. त्या दिवशी त्या माझ्यामुळेच तशा होत्या.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तू आमची वही वधस्तंभाला खिळलीस आणि आम्ही मात्र दुसऱ्यांच्या वह्या उशाशी घेऊन झोपतो. आम्हांला क्षमा कर. ज्याच्याशी आमचं बोलणं तुटलं आहे, त्याच्यातलं खरं आणि चांगलं आज आम्हांला दाखव. आमच्या तोंडून कुजकं काही निघण्याआधी, प्रभू, तू आम्हांला थांबव, आणि आमच्या जिभेवरून तुझी कृपा कुणापर्यंत तरी पोहोचू दे. ज्यांचे आभार मानायचे राहून गेले, त्यांची नावं आज आठवून दे, आणि फोन उचलायला धैर्य दे. जे आभार ऐकायला आता या जगात नाहीत, त्यांच्यासाठी आम्ही तुझेच आभार मानतो. आजही जे कुणी समोरून फोन येण्याची वाट पाहत आहेत, त्यांचं मन सांभाळ. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.

 उद्या पुन्हा वचनासोबत भेटू.